सदाशिव पेठेंतील कागदांचें घर

पुण्यास सदाशिव पेठेंत भारत इतिहास संशोधक मंडळाची वास्तु आहे. तिच्यावरून मी शेंकडों वेळां गेलों असेन. परंतु आंत पाऊल टाकण्याचा योग साठी उलटल्यावर आला, व तोहि घरांतील एका रुमालामुळें. रुमाल म्हणजे हात पुसण्याचा नव्हे. जुनें दफ्तर ज्या फडक्यांत बांधीत त्यास व त्या गठ्ठ्यासहि रुमालच म्हणत. आमच्या माळ्यावरील रुमालांत मोडी कागद होते. अर्धे वाळवीनें खाल्लेले. उरलेल्यांत पेशव्यांची सनद असल्याचें वडील सांगत. वाचतां मात्र कोणासच येत नव्हतें. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेला आणि घरचा कागद वाचतां येऊं नये, याची लाज वाटली.

मंडळाची स्थापना 7 जुलै 1910 रोजीं वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनीं केली. राजवाडे गांवोगांव हिंडून असलेच रुमाल मिळवीत. त्यांतूनच त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे 22 खंड निघाले. आज मंडळाच्या संग्रहीं लक्षावधि कागद, सहस्रावधि पोथ्या, शिवाय नाणीं व चित्रें आहेत. परमानंदाचें 'शिवभारत' हें संस्कृत काव्य स. म. दिवेकर यांनीं संपादिलें, तें 1927 सालीं मंडळानेंच प्रसिद्ध केलें.

मंडळाच्या मोडी वर्गांत नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारीं जाऊन बसलों. मोडींत आधीं रेघ ओढतात, मग तिला अक्षरें टांगतात. शब्द तोडीत नाहींत, ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहींत. ऱ्हस्वदीर्घावर जन्मभर तांबडी शाई खर्चिलेल्या मास्तरास ही शिक्षाच होय!

हळूहळू अक्षर लागूं लागलें. सनद म्हणून जपलेल्या कागदावर 'इहिदे सबैन मया व अलफ' असें निघालें. एक, सत्तर, शंभर व हजार मिळून सुहूर सन 1171; त्यांत 599 किंवा 600 मिळवावे, म्हणजे इ. स. 1770-71. थोरल्या माधवरावांची कारकीर्द! मन फुललें. पण मजकूर लागला तों सनद कसली, आमच्याच पूर्वजानें मुलीच्या लग्नासाठीं काढलेल्या कर्जाचा तो रोखा. मी हिरमुसलों. शिकविणारे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, रोखा सावकाराकडे राहावयाचा. तो तुमच्या घरीं आहे, त्या अर्थीं कर्ज फिटलें असावें."

कागद मंडळास द्यावे असें मीं घरीं काढलें, तेव्हां चुलतभाऊ म्हणाला, "5 जानेवारी 2004 रोजीं जमावानें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेंत नासधूस केली, ती विसरलास काय?" विसरलों नव्हतों, पोथ्या व चित्रें फाटल्याची ती बातमी वाचून त्या दिवशीं जेवण गेलें नव्हतें. त्याची शंका खोटी म्हणवेना. परंतु आमच्या माळ्यावर वाळवीनें जमावाची वाट पाहिली नव्हती.

पुढल्या आठवड्यांत रुमाल देऊन आलों. फडकें तेवढें आठवणीसाठीं परत मागून घेतलें.