खाऱ्या वाऱ्यातली विमानं

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, असं कोल्हापूरच्या उद्यमनगरातले जुनेजाणते मेस्त्रीसुद्धा छातीठोकपणे सांगतात. नौदलाच्या विमानांचे पत्रे आणि रिव्हेट बदलण्यात माझी उमेद गेली, आता शाहूपुरीत लहानसं वर्कशॉप आहे. अशा मेस्त्र्यांना मी म्हणतो, गोव्याला गेलात की जरा वाट वाकडी करून बोगमाळ्याला जा. दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचं विमानसंग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. विमानं उघड्यावर, समुद्र हाकेच्या अंतरावर. लोक सी हॅरिअरपुढे फोटो काढतात. ते २०१६पर्यंत सेवेत होतं, त्यामुळे ओळखीचं. माझे पाय मात्र सीलँडकडे वळतात.

जमिनीवर आणि पाण्यावरही उतरणारं, दोन इंजिनांचं हे ठेंगणं विमान. १९५३ साली कोचीत नौदलाच्या हवाई शाखेनं श्रीगणेशा केला तो सीलँडवरच. बेलफास्टच्या शॉर्ट कंपनीनं एकूण पंचवीस बनवली, त्यांतली दहा आपण घेतली. आज जगात तीन उरलीत: एक बेलग्रेडला, एक बेलफास्टजवळ आणि तिसरं हे.

विमानाचा पत्रा निव्वळ ॲल्युमिनियमचा नसतो. ताकदीसाठी त्यात तांबं मिसळतात आणि तिथेच खाऱ्या हवेचं फावतं. लोखंडासारखा तांबडा गंज दिसत नाही. आधी रंगाला फोड येतो. नखानं खरवडला की पांढरी भुकटी, आणि तिच्याखाली पत्रा पापुद्रे सुटावेत तसा सुटलेला. पोलादी बोल्टभोवती हे सगळ्यात आधी होतं. सी हॉक आणि अलिझे या विमानांचे पंख जहाजावर जागा वाचावी म्हणून दुमडायचे; त्या बिजागरीत पाणी साचलं की आतून पोखरायला सुरुवात. उडती विमानं आम्ही गोड्या पाण्यानं धुवायचो. पेन्शनीतल्या विमानाला रोज कोण आंघोळ घालणार?

सगळ्यात मोठं धूड सुपर कॉन्स्टेलेशनचं: तीन शेपट्या आणि बाकदार पाठ. आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग हवाई दलाचं, आणि १९७६ साली समुद्रावर पाळत ठेवायला नौदलाकडे आलं. या घराण्याचं दाबोळीशी जुनं नातं आहे. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी आपल्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी तिथली धावपट्टी फोडली, तरी पोर्तुगीजांचं एक कॉन्स्टेलेशन उरलेल्या तुकड्यावरून रातोरात निसटलं!

एवढ्या धुडाला छप्पर घालणं खर्चाचं काम, हे कळतं. मुंबईतली जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ संग्रहालय होऊनही २०१४ साली भंगारात निघाली, तेव्हा पैशाचा प्रश्न खोटा नाही. पण सीलँड लहान आहे. त्याला नुसती पत्र्याची शेड मात्र नको. छप्पर आलं की पावसाचं धुणं बंद होतं, मीठ तसंच बसून राहतं आणि दमट हवेत जास्तच खातं. चारही बाजूंनी बंद खोली हवी, आत हवा कोरडी ठेवणारं यंत्र हवं, आणि आत नेण्याआधी जुना रंग पार उतरवून, मीठ धुऊन काढून, प्रत्येक जोड उघडून बघायला हवा.