भिशीतून आलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात मोठी वस्तू आणायची तर आधी तिला कारण लागतं. फ्रिज आला तो बहिणीच्या लग्नाला पाहुणे येणार म्हणून. लॅपटॉप आला तो लॉकडाऊनमधली शाळा मोबाइलवर मावेना म्हणून. 2024च्या उन्हाळ्यात दहावीची परीक्षा आटोपल्यावर मुलीने “मला गेमिंग कॉम्प्युटर हवाय” असं सरळ सांगितलं, तेव्हा घरच्यांनीच तिला कारणं सुचवायला सुरुवात केली. कोडिंग शिकशील ना? डिझाइनचा कोर्स करशील? तिने कशालाच हो म्हटलं नाही. म्हणाली, “मला बगदाद बघायचंय.”

हे बगदाद म्हणजे ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ हा गेम. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेला. नवव्या शतकातलं, अब्बासी खलिफांच्या काळातलं शहर त्यात उभं केलंय. गोल तटबंदी, बाजार, बैतुल हिकमा, सगळं. 1258 मध्ये मंगोलांनी बगदादची राखरांगोळी केली, त्यामुळे आज विमानाचं तिकीट काढूनही ते शहर बघता येणार नाही, हा मुलीचा मुद्दा. मला तो कोडिंगपेक्षा जास्त पटला. मजा करायची आहे असं म्हणायला आपल्या घरांतली पोरं घाबरतात, मुली तर जास्तच. ही घाबरली नाही, तर मी कशाला तिच्या तोंडी खोटं कारण घालू?

अम्मीची शंका वेगळी होती. टीव्हीवर उठसूट रमीच्या जाहिराती लागायच्या, त्यामुळे गेमिंग म्हणजे जुगार असं तिच्या डोक्यात बसलेलं. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा ऑगस्ट 2025चा, तेव्हा तो नव्हता.) मुलीने दादीला समजावलं की हा गेम पुस्तकासारखा एकदा विकत घ्यायचा, मग त्यात पैसे लावणं नाही की जिंकणं नाही. अम्मीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, पुढच्या महिन्यात माझी भिशी आहे. 12 बायका, महिन्याला प्रत्येकी 3,000. म्हणजे 36,000 रुपये.

या आकड्याने पुढचं सगळं ठरलं. चांगला गेमिंग लॅपटॉप 60-70 हजारांच्या खाली मिळत नव्हता. दुकानदार हप्त्यांवर द्यायला तयार होता, तेही ‘नो कॉस्ट’. अब्बांनी त्याचा कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला. त्यात बँकेच्या व्याजाचा रकाना होता, तेवढं व्याज किमतीतून वजा दाखवलं होतं आणि व्याजावरचा जीएसटी आपल्या माथी. अब्बांनी कागद घडी करून परत दिला. आयुष्यभर त्यांनी व्याज घेतलं नाही, दिलं नाही. नातीच्या खेळासाठी ते सुरू होणार नव्हतं. उरला एकच रस्ता. सुटे भाग घेऊन घरी जोडायचे, आणि तेही एकदम नाही, पैसे येतील तसे.

आता गंमत अशी की जोडणीच्या कॉम्प्युटरवरचे जवळजवळ सगळे सल्ले असं धरून चालतात की पैसे एका दिवशी हातात आहेत. तेव्हा ठरलेलं उत्तर होतं एएमडीचा रायझेन 5 5600 प्रोसेसर आणि सोबत आरएक्स 6600 ग्राफिक कार्ड. उत्तर चुकीचं नाही. पण त्या 5600 मध्ये चित्र पडद्यावर आणायची स्वतःची सोय नाही. कार्ड येईपर्यंत तो नुसता बसून राहणार. कार्ड साधारण 20 हजारांचं, म्हणजे भिशीत न बसणारं. म्हणून आम्ही त्याचा भाऊ घेतला, 5600जी. गाभे तेवढेच, 6. किंमतही जवळपास तीच, अकरा-बारा हजारांच्या घरात. फक्त त्याच्या पोटातच छोटं ग्राफिक आहे. बदल्यात काय गेलं? त्याची कॅश निम्मी, 32 एमबीऐवजी 16. पुढे कार्ड बसवल्यावर थोडा वेग कमी मिळणार. मुलीला हे मी कागदावर मांडून दाखवलं. तिने विचारलं, “पण तो आजपासून चालेल ना?” चालणार होता. विषय संपला.

मॉनिटर घ्यायचाच नाही असं ठरलं. हॉलमध्ये 32 इंची टीव्ही होता, साधा एचडी रेडी. तिला आधी तो कमीपणाचा वाटला. पण हिशोब करून बघा. 1366 गुणिले 768, म्हणजे साडेदहा लाख ठिपके. फुल एचडी पडद्यावर पावणेएकवीस लाखांच्या आसपास होतात. प्रोसेसरमधल्या त्या छोट्या ग्राफिकला अर्धंच काम करायचं होतं. जुना टीव्ही आमच्या गरिबीला शोभून दिसला, एवढंच नाही, तिच्या कामी आला.

रॅममध्ये मात्र मी अडून बसलो. दुकानदार 16 जीबीची एकच पट्टी देत होता, “नंतर दुसरी टाका” म्हणत. पोटातल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं, आणि एका पट्टीत येण्याजाण्याचा रस्ता एकच. 8-8च्या दोन घेतल्या की रस्ते दोन. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. दोन पट्ट्या साडेतीन हजारांच्या आत मिळाल्या. आज हे लिहिताना हसू येतं. 2025च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार असा काही उचलला की तेवढ्याच रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. कुणी आता जोडणी करणार असेल तर आधी रॅमचा भाव विचारा, मग बाकीची यादी करा.

एसएमपीएस हा भाग अब्बांचा. चाळीस वर्षं शहागंजात त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. प्रोसेसरशी त्यांना घेणंदेणं नव्हतं, पण वीज कुठून येते आणि कुठे जाते यावर त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही. स्वस्त कॅबिनेटसोबत जो 450 वॉटचा एसएमपीएस फुकट येतो तो त्यांनी हातात तोलला आणि खाली ठेवला. म्हणाले, “इसमें तांबा हैच नहीं.” वजनावरून माल ओळखायची ही पद्धत शास्त्रीय आहे की नाही यावर वाद घाला, पण एवढ्या हलक्या डब्यातून 450 वॉट निघणार नाहीत हे मलाही कळत होतं. शेवटी 550 वॉटचा, 80 प्लस ब्राँझ शिक्क्याचा घेतला, चार हजारांना. प्रोसेसर 65 वॉटचा, पुढे येणारं कार्ड 132 वॉटचं. म्हणजे निम्मा भारही पुरा पडत नाही. अब्बांनी डब्यावरचा आणखी एक आकडा बघितला, 100 ते 240 व्होल्ट. आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी पंखे मंदावतात, तेव्हा 200च्या खाली गेल्यावर हात वर करणारा एसएमपीएस काय कामाचा?

दुकानातून परत आल्यावर त्यांनी टेस्टर घेऊन घरातला प्रत्येक सॉकेट तपासला. तीन पिनांचे सॉकेट होते, तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. जुन्या घरांत हे सर्रास असतं. अशा सॉकेटवर कॉम्प्युटर लावला की कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच मुंग्या येतात, कारण एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारा थोडासा करंट जमिनीत जायला वाट शोधत असतो आणि ती वाट तुम्ही होता. लोक रबरी चप्पल घालून खेळतात. अब्बांनी वायरमन बोलावून अंगणात अर्थिंगचा रॉड ठोकून घेतला, कोळसा-मीठ घालून. यादीत नसलेला हा खर्च अब्बांनी स्वतःच्या खिशातून केला आणि किती आला ते आजही सांगत नाहीत.

मग कॅबिनेट. मुलीला समोरून काच असलेलं, रंगीत दिव्यांचं हवं होतं. इथे अम्मीने मत दिलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 41-42ला जातो. पनचक्कीच्या हौदाखालच्या दालनात दुपार काढावीशी वाटते ते दिवस. पंखा कितीही फिरवा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. “रोशनी नको, हवा होना,” अम्मी म्हणाली. समोर जाळी असलेलं, दोन पंख्यांचं साधं काळं कॅबिनेट आलं. डेझर्ट कूलरच्या झोतासमोर ते ठेवायचं नाही हेही ठरलं. तो गार वाटतो, पण त्याच्यातली ओल आणि तुषार मदरबोर्डचे दुश्मन.

खरेदी कुठून? रात्री देवगिरीने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड, हा बेत मित्रांनी सुचवला. तिथे भाव तुटतो आणि जुनी कार्डंही मिळतात. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं खाणकाम बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली ती अशीच. मी गेलो नाही. भाड्यात आणि दिवसात वाचलेले पैसे जातात, आणि बिलाशिवायचं कार्ड बिघडलं तर परत मुंबई. प्रोसेसर आणि एसएसडी ऑनलाइन मागवले, बाकी गावातून. पार्सलं आली तेव्हा एकावर औरंगाबाद होतं, दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर. पोहोचली दोन्ही एकाच दारात.

कार्ड सोडून सगळं 34 हजारांच्या आत बसलं. उरलेले अम्मीने परत ठेवून घेतले. जोडणीत सांगण्यासारखं फार नाही. दस्तरखान अंथरला, मुलीने व्हिडिओ बघत जोडलं, अब्बांनी स्क्रू मोजले. पहिल्या दिवसापासून हलके गेम चालू झाले.

कार्डासाठी नोव्हेंबर उजाडला. सहा महिने मी पगारातून बाजूला काढत होतो, तीही ईदी आणि बक्षिसाचे पैसे टाकत होती. मागवण्याआधी कॅबिनेटमध्ये ते मावतं का हे अम्मीच्या शिलाईच्या टेपने मोजलं. बसवल्यावर आठ पिनांची वायर लागली, ती अब्बांच्या एसएमपीएसमध्ये पहिल्यापासून होतीच. रात्री जेवणं झाल्यावर हॉलच्या टीव्हीवर बगदाद आलं. अम्मी खुर्ची ओढून बसली. मुलगी गच्च्यांवरून उड्या मारत कुणाच्या तरी मागे लागली होती.

“लडाई बाद में,” अम्मी म्हणाली, “पैले बाजार दिखा.”

मुलीने तिला खाली उतरवलं आणि दुकानांपुढून हळूहळू चालवत नेलं. कापड, मसाले, भांडी. अम्मी मधूनच “रुक, रुक” म्हणायची. अब्बांचं टीव्हीकडे लक्ष नव्हतं. ते कॅबिनेटच्या मागे तळहात धरून उभे होते, हवा किती गरम येतेय ते बघत.