आयतं आणि ‘आयतु’

कानडीत काम पुरे झाले की ‘आयतु’ म्हणतात आणि मराठीत कष्टाविना हाती आलेल्या वस्तूला ‘आयतं’. ऐकायला फरक जेमतेम. पण बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रे बांधण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला या दोन शब्दांमधले अंतर चांगलेच ठाऊक आहे. आमच्या छोट्या कारखान्यात वायरिंग पाहणारे अण्णा बैलहोंगलकडचे. घरी कानडी, कामावर मराठी आणि यंत्राला शिव्या द्यायच्या तर दोन्ही. शेवटचा स्क्रू आवळला की हात पुसत माझ्या टेबलापाशी येऊन म्हणायचे, ‘‘आयतु री, साहेब.’’ गेल्या काही वर्षांत त्यांच्या कामांपैकी एक मोठे काम बाहेरून आयते येऊ लागले. त्याविषयी चार शब्द.

ते काम म्हणजे ड्रॅग चेन भरणे. ज्यांच्या घरचे कोणी फौंड्रीत किंवा मशीनशॉपमध्ये आहे त्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. कास्टिंग उचलून यंत्रात ठेवणारे गॅन्ट्री लोडर आम्ही बनवतो. वरच्या तुळईवरून एक गाडा सारखा जा-ये करत असतो. त्याच्या मोटारीला वीज, सेन्सरला सिग्नल आणि पकडीला दाबाची हवा पोचवायची असते. केबली नुसत्या सोडल्या तर लोंबतील, अडकतील, तुटतील. म्हणून त्या एका पोकळ साखळीतून नेतात. साखळीचे एक टोक तुळईला पक्के, दुसरे गाड्याबरोबर धावणारे. मधली साखळी गोमेसारखी अंगावर वळते आणि उलगडते. गाड्याच्या मिनिटाला सहा फेऱ्या धरा, दोन पाळ्यांचे सोळा तास धरा. दिवसाला ५,७६० फेऱ्या झाल्या. तीनशे दिवसांच्या वर्षात १७ लाख २८ हजार. तेवढ्या वेळा आतल्या तांब्याने वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. घरातली साधी तार हातात घेऊन वाकवून पाहा, किती वेळ टिकते ते!

ही युक्ती जर्मनांची. १९५३ मध्ये गिल्बर्ट वानिंगर यांनी पोलादी साखळी केली. पुढे प्लास्टिकच्या आल्या. कोलोनमधल्या एका गॅरेजात १९६४ साली सुरू झालेल्या इगस कंपनीने त्या जगभर नेल्या. आमच्याकडे साखळी नुसती यायची, रिकामी. ती भरायची अण्णांनी.

आणि भरणे म्हणजे कोंबणे नव्हे. केबल ड्रमवरून वेटोळी उचलून काढायची नाही. ड्रम फिरवत उलगडायची, नाहीतर पीळ राहतो. राहिलेला पीळ काढायला अण्णा ती रात्रभर क्रेनच्या हुकाला लोंबत ठेवत. जाड केबली दोन्ही कडांना, बारीक मध्ये, वजन दोन्हीकडे सारखे. प्रत्येकीभोवती तिच्या जाडीच्या दहावा हिस्सा मोकळी जागा, नळीला त्याहून दुप्पट. दाबाने नळीची लांबी कमी-जास्त होते म्हणून तिचा कप्पा वेगळा. केबली दोन टोकांना घट्ट आवळायच्या आणि मध्ये एकही गाठ नाही. नवशिका नेमका उलट करतो. मधे टापटीप दिसावी म्हणून जुडी बांधतो, आणि काही महिन्यांत आतली केबल स्क्रूसारखी पिळवटून निघते.

हे सगळे इतके नीट होत होते, तर बाहेर द्यायचे कशाला? कारण साधे होते. साखळी एकाकडून, केबल दुसऱ्याकडून, कनेक्टर तिसऱ्याकडून, आणि ग्लँड, लग, फेरूल हे किरकोळ सामान पेठेतून. यातले एक आले नाही की यंत्र ताटकळत उभे. शंभर मीटरच्या ड्रममधले उरलेले बावीस मीटर कोपऱ्यात पडून. त्यात अडकलेला पैसा कोणी मोजत नाही. आणि केबल तुटलीच तर केबलवाला साखळीकडे बोट दाखवणार, साखळीवाला केबलकडे. तयार साखळी देणारा म्हणाला, ‘‘केबल घालून, कनेक्टर जोडून, तपासून पाठवतो. तुम्ही चार बोल्ट आवळा आणि प्लग लावा. जबाबदारी सगळी माझी.’’ त्याचा दर पहिल्यांदा डोळ्यांवर आला. पण वाया गेलेले तुकडे आणि अण्णांचे चार दिवस धरल्यावर हिशेब जमला. एकसारखी पन्नास यंत्रे करणाऱ्याला हा विचार करावाच लागत नाही. आमच्यासारख्या, प्रत्येक गिऱ्हाईकासाठी वेगळे यंत्र करणाऱ्याला मात्र तो दर वेळी नव्याने करावा लागतो.

खरी अडचण पुढेच होती. काम बाहेर द्यायचे तर ते काय आहे हे आधी कागदावर उतरायला हवे, आणि आमचे सगळे अण्णांच्या डोक्यात. आमच्या घरी चकल्या बाहेर करायला देतात, पण भाजणी सौ. स्वतः भाजून देते. प्रमाण मात्र तिने कधी लिहिलेले नाही. तसेच हे. आठ दिवस मी वही घेऊन अण्णांसमोर बसलो. स्ट्रोक किती, वेग किती, कोणती तार कोणत्या पिनला, हे भरायला छापील तक्ता होता. पण प्रत्येक साखळीत एक केबल जादा का घालायची, पॅनेलचे दार पूर्ण उघडावे म्हणून त्या बाजूला हातभर ढील का ठेवायची, याला तक्त्यात रकानाच नव्हता. मी ते शेवटी ‘शेरा’ म्हणून लिहिले. कानडीत सांगितलेले मराठीत ऐकून इंग्रजीत लिहिणे आपल्याकडे नवे नाही. ग्रामपंचायतीपासून कोर्टापर्यंत आपण तेच करत आलो.

अण्णांना वाईट वाटेल या भीतीने मी बरेच दिवस अवघडलो होतो. त्यांना मुळीच वाटले नाही. गुडघे दुखत होते. तुळईवर चढून उताणे पडून केबल ओढण्यात त्यांना कसले काव्य दिसत नव्हते. ते मला, खाली उभ्या असलेल्याला, दिसत होते. पुरवठादाराची शेड पाहायला मी त्यांना बरोबर नेले. तिथे आयटीआय झालेली एक मुलगी ड्रम स्टँडवर चढवून केबल उलगडत होती. अण्णा बराच वेळ हात मागे बांधून पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘बरोबर करायलीय की ओ साहेब, ही पोरगी.’’ तिला त्यांनी कानडीत काही विचारले, ती मराठीत बोलली, दोघांचे जमले. आयते म्हणून जे माझ्या दारात येते ते कोणाच्या तरी हातचे ‘आयतु’ असते, हे मला तिथे दिसले. परतीच्या गाडीत अण्णा शांत झोपले.

काळजी निराळीच निघाली. शिरोलीच्या एका फौंड्रीत आमच्या लोडरवर कास्टिंग निसटून पडले आणि साखळीची सात-आठ कडी, आतल्या दोन केबलींसह, चेचली गेली. नवी तयार साखळी यायला तीन आठवडे. गिऱ्हाईक फोनवर फोन करीत होते. आमचा नवा मुलगा हुशार, लॅपटॉपवर दोष शोधण्यात तरबेज. पण साखळीचे कडे उघडते हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या काळात ती कधी उघडलीच नव्हती! संध्याकाळी अण्णांना गाडीत घालून नेले. त्यांनी चेचलेली कडी काढली, आमच्या सामानातली घातली, जखमी केबल बाद करून ती जादाची, ‘शेऱ्या’तली, कामाला लावली. पहाटे तीन वाजता गाडा हलला.

म्हणून काम पुन्हा घरात आणले का? नाही. पुढच्या तिन्ही यंत्रांच्या साखळ्या बाहेरच दिल्या आहेत, आणि देत राहीन. एवढ्याशा कारखान्याने सगळे स्वतः करण्याचा हट्ट आता परवडत नाही. फक्त भंगारात जाणारी एक जुनी साखळी स्टोअरमध्ये ठेवून घेतली आहे. अण्णा निवृत्त झाले, तरी आठवड्यातून तीन दिवस येतात. शनिवारी दुपारी मुलाला ती साखळी पूर्ण उघडून पुन्हा भरायला लावतात. मुलगा कुरकुरतो, त्याची क्रिकेटची मॅच बुडते. भरून झाल्यावर अण्णा टोक धरून साखळी एकदा वाकवतात, कान लावून ऐकतात, आणि बहुतेक वेळा म्हणतात, ‘‘काढ परत.’’