गारांनंतरचा रविवार

शुक्रवारी, 27 डिसेंबर 2024 ला, जुम्याची नमाज आटोपून माणसं मशिदीबाहेर आली तेव्हा आभाळ मिनारापर्यंत खाली आल्यासारखं वाटत होतं. दोरीवरचे कपडे काढा, पापड आत घ्या, अशी गल्लीभर धावपळ. ऐन थंडीत उकडत होतं. हवामान खात्याने दोन-तीन दिवस आधीच इशारा दिला होता. पण डिसेंबरातल्या पावसाचा इशारा आपण शहरातली माणसं किती मनावर घेतो? असरच्या सुमारास वारा सुटला आणि पाऊस आला. आमच्याकडे नुसताच पाऊस झाला. खालाजानचं गाव खुलदाबादच्या पलीकडे, म्हैसमाळच्या पायथ्याला. तिथे गारा पडल्या.

हिवाळ्यातला हा पाऊस येतो कुठून, हे मुलांनी विचारलं म्हणून रात्री नकाशा काढून बसलो. भूमध्य समुद्राकडून निघालेले वारे इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर धडकतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. काश्मीरला ते बर्फ देतात, पंजाबच्या गव्हाला पाऊस देतात. एरवी आपल्यापर्यंत त्यांची फक्त थंडी पोचते. पण ते जरा दक्षिणेकडे झुकले आणि त्याच वेळी समुद्रावरून ओलसर वारे आत शिरले, की दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडते. त्या दोन दिवसांत तसंच झालं. दिल्लीत डिसेंबरच्या एका दिवसात शंभर वर्षांतला सर्वाधिक पाऊस पडला, श्रीनगरला बर्फामुळे विमानं थांबली. सोनमर्गच्या वाटेवर गुंड नावाचं गाव आहे. तिथे पंजाबचे प्रवासी बर्फात अडकले, तर गावकऱ्यांनी जामा मशीद उघडून त्यांना रात्रभर आत झोपवलं. ही बातमी मुलांनी दोनदा वाचायला लावली. आमच्या धाकट्याला एकच प्रश्न होता, मशिदीत हीटर होता का?

रविवारी खालाजानकडे हुरडा खायला जायचं महिनाभर आधी ठरलेलं. शनिवारी आभाळ अजून मळभट होतं, पण संध्याकाळी वारा फिरला, उत्तरेचा झाला. पाऊस आता सरला, दोन दिवस कोरडे जाणार, असं बातम्यांतही सांगितलं. आम्ही फोन केला. खरं तर हुरड्याचं विचारायला संकोच वाटत होता. खालाजान म्हणाल्या, "या ना. गारांनी कणसं थोडीच नेलीत? मुलांना आणा." आवाज नेहमीचाच होता. आम्हीही जास्त खोदून विचारलं नाही. ही चूकच होती, हे तिथे गेल्यावर कळलं.

रविवारची सकाळ धुतल्यासारखी. पडेगाव, मिटमिटा मागे पडलं आणि दौलताबादचा किल्ला इतका स्वच्छ दिसला की मुलं त्याच्या खंदकाच्या कड्यावरच्या रेघा मोजू लागली. पुढे कागजीपुरा. तुघलकाच्या काळापासून हातकागदासाठी ओळखलं जाणारं हे गाव. ओले कागद भिंतीवर चिकटवून उन्हात वाळवायचे, ही त्यांची जुनी रीत. कागदवाल्याला आणि शेतकऱ्याला ऊन सारखंच लागतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. आम्ही एरवी तिथे थांबून मुलांना वहीचे जाड, खरखरीत कागद घेऊन देतो. या वेळी थांबलो नाही.

घाट चढून खुलदाबादला पोचलो. पाटीवर खुलताबाद लिहिलेलं असतं, आमच्या घरात खुल्दाबादच म्हणतात. हजरत बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात फातेहा पढलो. निजामुद्दीन औलियांचे हे मुरीद दिल्लीहून दख्खनला आले आणि 1337 मध्ये इथेच वारले. समोरच्या बाजूला, हजरत जैनुद्दीन शिराजींच्या अंगणात, औरंगजेबाची कबर. 1707 मध्ये अहमदनगरजवळ वारलेल्या बादशहाला त्याच्या इच्छेप्रमाणे इथे आणलं. वर छत नाही, आत नुसती माती आणि सब्ज्याचं रोप. संगमरवराची जाळी नंतरच्या काळातली. मुलांना पुस्तकातली मोठी कबर अपेक्षित असते, ती दिसत नाही म्हणून ती दरवेळी गोंधळतात. त्या दिवशी माती काळीभोर भिजलेली होती आणि सब्ज्याची दोन-चार पानं गळून पडली होती.

शेतावर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले असतील. आगटी तयार होती. गोवऱ्यांचा धूर सरळ वर जात होता. दही, गूळ, तिळाची चटणी, सगळं मांडलेलं. खालाजान हसून मुलांना जवळ घेत होत्या. खालू मात्र दिसेनात. ते बांधापलीकडे तुरीच्या पेंढ्या उलटवत होते.

तूर चार दिवसांपूर्वीच सोंगून, पेंढ्या बांधून वावरात ठेवलेली. वरच्या शेंगा गारांनी फुटून दाणे मातीत पडले होते, खालच्या ओल धरून फुगल्या होत्या. शेजारी कपाशी. वेचणीला आलेल्या कापसाच्या वाती होऊन खाली लोंबत होत्या. असा कापूस वेचला तरी व्यापारी कवडी म्हणून बाजूला काढतो. हरभऱ्यावरची आंब धुऊन गेलेली, आता अळीचं भय. बांधावरच्या आंब्याला नुकता मोहर लागला होता, तो हिरव्या-पिवळ्या भुश्यासारखा झाडाखाली पडलेला. फक्त गहू तेवढा खुशीत होता. आम्ही काही बोललो नाही. काय बोलणार? हुरडा खायला आलो होतो.

"विम्याला कळवलं का?" आम्ही विचारलं.

"कळवून काय होतं? नशिबात होतं ते झालं. अल्लाहची मर्जी."

खरीपाच्या वेळी त्यांनी एक रुपया भरून पीकविमा काढलेला आम्हाला ठाऊक होता, कारण केंद्रावर अर्ज भरताना आम्हीच सोबत होतो. गारपिटीचं नुकसान तेव्हा 72 तासांच्या आत कळवावं लागायचं. कापणी करून वावरात वाळत ठेवलेल्या पिकालाही तेव्हा चौदा दिवसांपर्यंत अवकाळी पावसापासून संरक्षण असायचं. खालूंना वाटत होतं, तूर सोंगली म्हणजे विमा संपला. गावात बहुतेकांना तसंच वाटतं. शुक्रवारी साडेचारपासून मोजलं तर 44 तास होऊन गेले होते, 28 उरले होते.

खालू तरी पेंढ्या उलटवत राहिले. शेवटी खालाजान आगटीपासून ओरडल्या, "तवक्कलच्या आधी उंट बांधायलाही सांगितलंय ना! पावती कुठाय?"

पावती पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डात घडी करून ठेवलेली निघाली. फोटो काढले. पण 14447 ला फोन लावावा तर शेतात रेंज नाही. एक काडी यायची, आवाज तुटायचा. मग खालूंना गाडीत घातलं आणि म्हैसमाळचा रस्ता धरला.

म्हैसमाळ 1067 मीटर उंच. आमच्याकडचं महाबळेश्वर म्हणतात त्याला. हे कौतुक जरा जास्तच आहे, पण पावसाळ्यात इथे ढगांतून चालता येतं, हेही खरं. याच पठारावरून येळगंगा निघते आणि वेरूळच्या लेण्यांशेजारी कड्यावरून उडी घेते. गिरिजादेवीच्या देवळापाशी सुटीची गर्दी होती. मक्याची कणसं, भेळ, सेल्फी. आम्ही कड्याच्या बाजूला गेलो. खाली दौलताबादचा डोंगर, त्याच्या अलीकडे खालूंचं वावर असलेली दरी. थंड वारा कानाला झोंबत होता. फोन लागला, संगीत वाजलं, कट झाला. पुन्हा लावला. चौथ्या वेळी माणूस बोलला. गट नंबर, पीक, तारीख, कापणी कधी केली. खालू आधी आमच्या कानाशी पुटपुटत होते, मग त्यांनीच फोन हातात घेतला. "जी, गारा. बोराएवढ्या. दहा मिनिटं तरी." डॉकेट नंबर मिळाला. पंचनाम्याला माणूस कधी येईल ते पुढचं पुढे.

परतताना खालू पहिल्यांदा सैलावले. म्हणाले, शुक्रवारी गारा पडताना त्यांनी ओसरीत उभं राहून तीच दुआ मागितली, जी पाऊस थांबत नव्हता तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी मागितली होती: आमच्या आजूबाजूला पाड, आमच्यावर नको. टेकड्यांवर पाड, दऱ्याखोऱ्यांत पाड, झाडं उगवतात तिथे पाड. "मग मनात आलं," खालू म्हणाले, "आपलंच वावर टेकडीला लागून आहे." आणि ते हसले.

हुरडा खाल्ला. उशीर झाल्याने कणसं थोडी करपली होती, तरी मुलांनी हात काळे होईपर्यंत चोळली. जोहर शेतातच पढलो आणि मग सगळ्यांनी मिळून उरलेल्या पेंढ्या उन्हाच्या बाजूने फिरवल्या. धाकट्याने फुटक्या शेंगांतले दाणे वेचून खिशात भरले. खालाजाननी ते काढून घेतले नाहीत.

निघताना खालू गाडीच्या खिडकीशी आले. "तो नंबर परत एकदा सांगा." आम्ही एकेक आकडा सांगितला. त्यांनी कापसाच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर, तो दुसऱ्यांदा लिहून घेतला.