माळावरचे आबा

मोठा माणूस गेला की वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो, शोकसभा भरते, चार वक्ते त्याच्या आठवणी सांगतात. आबांच्या वाट्याला यातले काही आले नाही. गेल्या पौषात एका पहाटे दम्याने त्यांचा जीव घेतला. दुपारपर्यंत माती झाली आणि संध्याकाळी गाव आपापल्या कामाला लागले. माझ्या मनातून मात्र ते अजून गेलेले नाहीत. म्हणून आपल्या वार्षिकाच्या या दोन पानांत त्यांच्याविषयी लिहावे असे वाटले.

आबा जातीने फासेपारधी. तरुणपणी त्यांनी फासे लावून पोट भरले. मी धनगराचा मुलगा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आबा माझ्या नात्याचे नव्हते, पण माझे वडील त्यांना आबा म्हणत म्हणून मीही म्हणू लागलो. आमच्या दोन घरांना जोडणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे माळ.

आमचे गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजपासून फार लांब नाही. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली जे अभयारण्य झाले ते याच भागातले. बाहेरच्या माणसाला हा माळ ओसाड वाटतो. कुसळाचे गवत, मधूनच एखादी बोर, एखादी बाभूळ आणि बाकी सगळे आभाळ. पण या माळावर काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे, तितर आणि लावा आहेत. माळढोक मी कधी पाहिला नाही, आता तो महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. आबांनी मात्र तो पोटभर पाहिला होता. नर पिसारा फुगवून, गळ्याची पिशवी लोंबवून कसा उभा राहतो, हे ते स्वतः मान ताठ करून दाखवत तेव्हा आम्ही पोरे हसून लोळत असू.

सुट्टीत मी मेंढरांमागे जात असे. आबा तेव्हा म्हातारे झाले होते आणि दोन शेळ्या घेऊन माळावर येत. अंगाने बारीक, पायात टायरची चप्पल, डोक्याला मळकट पटका. बोलणे कमी. चालताना मात्र त्यांची नजर कायम पायापुढच्या चार हातांवर असे. एकदा मी विचारले, "आबा, काय हरवलंय?" ते म्हणाले, "हरवलं न्हाई रं. रात्री कोन कोन येऊन गेलं ते बगतोय."

तिथून माझे शिक्षण सुरू झाले. सशाचे मागचे पाय पुढे उमटतात आणि पुढचे पाय मागे, हे मला त्यांनी दाखवले. न कळणारा माणूस ससा आला त्या दिशेलाच तो गेला असे समजतो. लांडगा आपल्या वाटेने सरळ चालतो, पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय टाकतो, म्हणून त्याचा माग दोरी धरल्यासारखा जातो. कुत्रा इकडे हुंगतो, तिकडे वळतो, त्याच्या मागाला धड दिशा नसते. ठसा दवाच्या आधीचा की नंतरचा, त्याच्या कडा ढासळल्या आहेत की धारदार आहेत, त्यावरून एखादा किडा चालून गेला आहे का, यावरून वेळ ठरते. आबा बोटाने दाखवत आणि मग गप्प बसत. उत्तर मला काढावे लागे. चुकले तर रागावत नसत, फक्त म्हणत, "पुन्यांदा बग."

फासे कसे असतात तेही मी त्यांच्याकडेच पाहिले. घोड्याच्या शेपटीचे केस मांडीवर वळून त्याचे बारीक फास करायचे, ते बांबूच्या काड्यांना बांधायचे आणि झुडपांमधल्या वाटेवर ओळीने रोवायचे. जवळ पिंजऱ्यात पाळलेला तितर ठेवायचा. पहाटे तो बोलू लागला की रानातला नर आपल्या हद्दीत कोण आला म्हणून भांडायला धावतो आणि फासात येतो. हरणासाठी तातीचे मजबूत फास असत. शिकवलेल्या गाईच्या आडून हळूहळू पुढे सरकत पारधी जनावराच्या जवळ जात असे. आबांच्या वडिलांकडे अशी गाय होती. आबा हे सांगत तेव्हा त्यांच्या बोलण्यात बढाई नसे आणि लाजही नसे. सुतार पटाशीविषयी बोलतो तसे ते बोलत.

त्यांना साधू करून दाखवण्याची माझी इच्छा नाही. त्यांनी जनावरे मारली, खाल्ली, बाजारात लावे विकले. पण त्या धंद्यालाही नियम होते. गाभण हरणी किंवा पाडस फासात आले तर सोडून द्यायचे. मी हे आबांची खास दयाबुद्धी समजत होतो. मागच्या वर्षी ग्रंथालयात माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांच्या संशोधनाविषयी वाचले, तेव्हा कळले की ही साऱ्या जमातीची रीत होती. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. एकाच मुलखात फिरणाऱ्या जमातींनी शिकार जणू वाटून घेतली होती. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात, वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर यांसारखे लहान प्राणी धरत आणि फासेपारध्यांकडे हरीण व पक्षी. मी आबांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग? दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा व्हय?" पुस्तकात जे चार पानांत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आबांची थोरवी मला खऱ्या अर्थाने कळली ती मी नववीत असताना. मेंढरे रात्री कोंडायला आम्ही जाळी लावतो, तिला वाघर म्हणतात. एका सकाळी वाघरीत दोन कोकरे मरून पडली होती. माझे वडील, चुलते, शेजारचे दोघेतिघे, सगळे एकदम म्हणाले, लांडगा! ओढ्याच्या कडेला लांडग्याचे बीळ होते, त्यात पिल्ले होती. बिळात धूर करून सगळा वंशच संपवायचा असे ठरले. कडबा गोळा झाला. कोणीतरी आबांना बीळ दाखवायला बोलावून आणले.

आबा बिळाकडे गेलेच नाहीत. ते वाघरीभोवती दोन वेळा फिरले, कोकरे उलटीपालटी करून पाहिली आणि खाली बसले. मग म्हणाले, "लांडगा भुकेनं येतो. धरलं की उचलून नेतो. हितं तर धा जागी चावलंय आन् टाकून दिलंय. ही कुत्री हायेत, तीन. गावाकडनं आली, गावाकडंच गेली." चुलते चिडून म्हणाले, "आबा, तुमाला लांडग्याचा लईच पुळका." आबा उठले, आम्हाला मागावरून चालवत पांदीपर्यंत घेऊन गेले. तिथल्या ओल्या मातीत तीन कुत्र्यांचे पाय स्पष्ट उमटले होते. तो माग गावातच शिरला. कडबा परत गोठ्यात गेला.

येताना मी त्यांच्याबरोबर होतो. ते एवढेच बोलले, "बगितल्याबिगर कुनाचं नाव घिऊ नये, पोरा. आमचं नाव लोकांनी न बगताच घेतलं."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे कॉलेजात समजला. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो देशभर पसरवला. कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात अशा लोकांची वसाहतच होती. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षांनी. वडिलांच्या खांद्यावर बसून हजेरीला गेल्याचे आबांना आठवत होते. कायदा गेला, पण नाव गेले नाही. गावात कोणाची कोंबडी हरवली तरी पहिल्यांदा पारध्यांच्या पालांकडे बोट जाई. ज्या माणसाने आयुष्यभर हे सोसले, त्याने एका लांडग्यावरही खोटा आळ येऊ दिला नाही.

१९७२ साली दोन गोष्टी एकदम आल्या, दुष्काळ आणि वन्यजीव संरक्षण कायदा. आबांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. फासे हळूहळू सुटले. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले आणि आबा पुरते मजूर झाले. कायद्याविषयी ते वाईट बोलत नसत. "जनावर ऱ्हायलं पायजेल," असेच म्हणत. पण ज्यांना माळावरचे प्रत्येक पाऊल ओळखू येत होते त्यांना ऊसतोडीला जावे लागले आणि त्या ओळखीचा उपयोग करून घ्यावा असे फारसे कोणाला सुचले नाही, याचे मला वाईट वाटते.

बारावीनंतर माझे पुढे काय, हा प्रश्न होता. वडिलांना वाटे, आता मुलाने कळप सांभाळावा. घरची परिस्थिती पाहता त्यांचेही चूक नव्हते. आबा एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर आले, चहा घेतला आणि उठताना वडिलांना म्हणाले, "पोराला बगायची सवय लागलीया. त्याला आडवू नगंस." वडील त्यांचा शब्द मोडत नसत. म्हणून आज मी द्वितीय वर्षाच्या वर्गात आहे.

आबा गेल्यावर मृत्यूची नोंद करायला त्यांच्या मुलाबरोबर मी गेलो होतो. नोंद घेणाऱ्या गृहस्थांनी विचारले, "व्यवसाय?" मुलगा क्षणभर घुटमळला. पारध म्हणावे तर तो आता गुन्हा. तो म्हणाला, "मजुरी." पुढचा रकाना शिक्षणाचा. त्यात "निरक्षर" असे लिहिले गेले. लिहिणाऱ्याचा दोष नव्हता, कागदाच्या हिशेबाने दोन्ही शब्द बरोबरच होते. पण घरी येताना ते दोन शब्द माझ्या डोक्यात सारखे घोळत राहिले. इतिहासाच्या तासाला सर सांगतात की पुराव्याशिवाय विधान करू नका, साधने तपासा, मग निष्कर्ष काढा. वर्गात ते मला कधी अवघड गेले नाही, कारण वाघरीभोवती दोन फेऱ्या मारणारा माणूस मी आधीच पाहिला होता.

आबांची नात आता सातवीत आहे. आबांचा तितराचा रिकामा पिंजरा तिच्या झोपडीच्या आढ्याला अजून लोंबतो आहे. परवा तिने मला विचारले, "दादा, शाळेत आजोबांविषयी निबंध लिवायचाय. आबा काय हुते म्हनून लिवू?" मी तिला सांगितले, फासेपारधी होते असे लिही आणि त्याखाली त्यांना काय काय येत होते ते सगळे लिही. तिने वहीची दोन पाने भरली. सशाच्या पायांची गोष्ट तिने सगळ्यात आधी लिहिली आहे.