दुरेघी

बँकेच्या खिडकीतून आप्पांची पैसे काढण्याची स्लिप परत आली. ‘सही जुळत नाही,’ कारकून म्हणाला. मी पाहिले, तर मुंगीएवढी अक्षरे शेवटी शेवटी एकमेकांत शिरली होती. सीमाभागातल्या मराठी शाळेत छत्तीस वर्षे ज्यांनी मुलांची अक्षरे वळणावर आणली, त्या माझ्या वडिलांची ही सही! ‘चष्मा बदलायला हवा,’ असे म्हणून मी मोकळा झालो. निदान करून टाकण्याची सवय मुख्याध्यापकाला असतेच.

दोष चष्म्याचा नव्हता. मेंदूविकारतज्ज्ञांनी आप्पांना चालायला लावले, बोटे जुळवायला सांगितली आणि नाव घेतले, पार्किन्सन्स. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ साली या दुखण्यावर निबंध लिहिला, त्याचेच नाव पुढे त्याला पडले. आपण कंपवात म्हणतो खरे, पण कंप हे एकच लक्षण. आप्पांचा हात फारसा थरथरत नव्हताच. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, तशी हालचाल मंदावते, अक्षर बारीक होते, आवाज खाली जातो. चेहरा निर्विकार दिसू लागतो आणि घरच्यांना वाटते, म्हातारा रुसला. आजार मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. लेव्होडोपाच्या गोळीने हालचाल सुधारते; मात्र ती ठरल्या वेळी आणि जेवणाच्या अर्धा तास आधी द्या, असे डॉक्टरांनी बजावले, कारण अन्नातली प्रथिने तिच्या आड येतात.

शाळा घंटेवर चालवणाऱ्या मला गोळ्यांच्या वेळा सांभाळणे जमले. थांबणे मात्र जमेना. आप्पा शर्टाचे एक बटण लावीपर्यंत माझे घड्याळाकडे तीनदा लक्ष जाई. मग बटणे मीच लावू लागलो. पाहुण्यांनी आप्पांना काही विचारले, तर उत्तर मीच देऊन टाकी. एके सकाळी त्यांनी माझा हात बाजूला केला आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, “तुला घाई असेल तर तू जा. बटण माझं मला लावू दे. आजार न्यायचं ते नेईलच, तू आधीच कशाला काढून घेतोस?”

त्या दिवशी शाळेची प्रार्थना माझ्यावाचून झाली. काही बिघडले नाही.

पुढे उंबरठ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला खिळू लागले. ओढायला जावे तर तोल जाई. व्यायाम शिकवायला येणारा तरुण कानडी. त्याच्या सांगण्यावरून मी शाळेतला खडू आणून दारापाशी आडव्या रेघा ओढल्या. समोरची रेघ ओलांडायची म्हटले, की अडलेले पाऊल उचलते. तो ‘ओंदु, एरडु, मूरु’ असा ठेका धरतो. सीमाप्रश्नाच्या मोर्च्यांत घसा फोडून घोषणा दिलेले आप्पा त्या आकड्यांवर पावले टाकतात. “पाय मराठीच आहेत हं,” ते त्याला म्हणाले, “पण ऐकतात तुझं.” चेहऱ्यावर हसू उमटले नाही, खांदे तेवढे हलले.

त्यानेच सुचवले म्हणून पहिलीच्या मुलांची दुरेघी वही आणली. दोन रेघांत लिहायचे म्हटले, की अक्षर मोठे राहते. गोळीचा अंमल असतो तेव्हा आप्पा रोज एक पान लिहितात. ओळीच्या शेवटी अक्षर पुन्हा आकसते. नवी ओळ ते पुन्हा मोठ्याने सुरू करतात.

गेल्या महिन्यात सहीचा नवा नमुना द्यायला आम्ही बँकेत गेलो. एका सहीला चांगली पाच मिनिटे लागली. मागे रांग वाढत होती. कोणी जुना विद्यार्थी असावा, तो म्हणाला, “सावकाश होऊ दे, मास्तर.”

मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.