आग्रा रोडवरून गेलेली शर्यत : खानदेश, डिसेंबर १९६८

जळगाव-धुळ्यात रविवारी संध्याकाळी फॉर्म्युला वन पाहणाऱ्या तरुणांचा एक छोटा पण निष्ठावान वर्ग आहे. या वर्गाची गंमत अशी, की ज्या काळासाठी तो हळहळतो तो काळ त्यातील बहुतेकांनी पाहिलेलाच नाही. २००५ नंतर मावळलेल्या व्ही-टेन इंजिनाचा तो कर्कश सूर, सेना आणि प्रॉस्ट यांचे वैर, त्याही मागचा जिम क्लार्क आणि ग्रॅहम हिल यांचा जमाना, हे सारे त्यांना पडद्यावरूनच भेटलेले असते. मोनॅको, मोंझा, सिल्व्हरस्टोन ही त्या सुवर्णयुगाची तीर्थक्षेत्रे. खानदेशाचा त्यांच्याशी काय संबंध, असेच त्यांना वाटते.

संबंध आहे. डिसेंबर १९६८ च्या अगदी सुरुवातीस त्या युगातले काही थोर चालक भरधाव धुळ्यावरून गेले होते. कोणत्याही बंदिस्त ट्रॅकवरून नव्हे, तर आग्रा रोडवरून.

त्या स्पर्धेचे नाव लंडन–सिडनी मॅरेथॉन. लंडनच्या ‘डेली एक्सप्रेस’ने ती पुरस्कृत केली होती आणि पहिले बक्षीस होते दहा हजार पौंडांचे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ मोटारी सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून, खैबर खिंड उतरून त्या दिल्लीस पोहोचल्या. पुढचा टप्पा दिल्ली ते मुंबई, सुमारे चौदाशे किलोमीटरचा. मुंबईच्या बंदरात ‘चुसान’ नावाची आगबोट उभी होती. तिच्यात मोटारी चढवून ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला उतरवायच्या आणि तिथून सिडनीपर्यंत पुन्हा शर्यत, अशी योजना होती.

दिल्ली–मुंबई टप्प्याचा मार्ग म्हणजे आपला जुना राष्ट्रीय महामार्ग तीन. आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर. मग खलघाटला नर्मदा, सेंधव्यानंतर सातपुड्याचा घाट आणि महाराष्ट्रात प्रवेश. शिरपूरच्या पुढे सावळदे येथे तापी, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सोनगीर, धुळे, आणि शहर मागे पडताच डाव्या-उजव्या टेकड्यांमधून डोकावणारा लळिंगचा किल्ला. फारुकी सुलतानांचे थाळनेर या वाटेपासून फार दूर नाही. दख्खनेत उतरणारे सैन्य, व्यापारी आणि तांडे ज्या पट्ट्यातून शतकानुशतके गेले, त्याच पट्ट्यातून ही शर्यतही गेली. भूगोल इतिहासाला फारसे पर्याय देत नाही, हे खानदेशाइतके क्वचितच कुठे दिसते. (जळगावकरांना मात्र या सोहळ्यासाठी एरंडोल-पारोळ्यामार्गे धुळे गाठणे भाग होते. सुरत–कलकत्ता महामार्ग आग्रा रोडला छेदतो तो धुळ्यातच.)

आता त्या मोटारींत कोण होते ते पाहावे. लुसियाँ बियांकी हा बेल्जियन चालक सित्रोएन डीएस २१ घेऊन निघाला होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मोनॅको ग्रां प्रीमध्ये तो तिसरा आला होता. फ्रान्समधील आंदोलनामुळे सप्टेंबरअखेर ढकलली गेलेली ले माँची चोवीस तासांची शर्यत त्याने पेद्रो रॉद्रिगेझच्या साथीने फोर्ड जीटी ४० मधून जिंकली होती. म्हणजे ले माँचा ताजा विजेता जेमतेम दोन महिन्यांनी तापीचा पूल ओलांडत होता. १९६१ ची अमेरिकन ग्रां प्री जिंकणारा इनिस आयर्लंडही स्पर्धकांच्या यादीत होता. रोझमेरी स्मिथ या आयरिश चालिकेची लोटस कॉर्टिना खैबरच्या चढणीवर पुढच्या गिअरमध्ये चढेना, तेव्हा तिने ती उलटी, रिव्हर्स गिअरमध्ये चढवली. ही हकीकत तिनेच पुढे सांगितली. आजच्या अब्जावधींच्या संघव्यवस्थेत अशा हकीकतींना जागा उरलेली नाही, आणि तरुणांची हळहळ खरे म्हणजे याच गोष्टीसाठी असते.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. १९६८ च्या भारतात मोटार म्हणजे अँबॅसडर, फियाट किंवा स्टँडर्ड हेरल्ड. तीही नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळणारी. डिसेंबर म्हणजे खानदेशात कापसाचा हंगाम. रस्त्यावर कापसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या, एसटीच्या बसगाड्या आणि मालट्रक. त्यांच्यामधून परदेशी मोटार येते, कपाळावर दिव्यांची रांग, दारावर क्रमांक, अंगावर अफगाणिस्तानची धूळ, आणि क्षणात दिसेनाशी होते. तिकीट नाही, कुंपण नाही, प्रेक्षागृह नाही. भारतातील रस्त्यांच्या दुतर्फा लोटलेल्या अफाट गर्दीचा उल्लेख त्या स्पर्धेच्या आठवणींत वारंवार येतो. चालकांना त्या गर्दीचे कौतुक वाटले तसेच भयही वाटले, कारण माणसांच्या त्या भिंतीतून वेग राखणे हा जुगारच होता.

मुंबईत पोहोचलेल्या सत्तरएक मोटारींत आघाडीवर होती रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना. अँड्र्यू कोवन हा स्कॉटिश शेतकरी हिलमन हंटरसह सहावा होता. पुढे ऑस्ट्रेलियात क्लार्कची मोटार नादुरुस्त झाली आणि बियांकीची सित्रोएन पहिली आली. सिडनी जवळ आले असता नौरा गावाजवळ समोरून आलेल्या एका खासगी मोटारीशी तिची धडक झाली. त्या वेळी चाक सहकारी ओजिए याच्या हाती होते. बियांकी गंभीर जखमी झाला. मागून आलेल्या पॅडी हॉपकर्कने शर्यत बाजूला ठेवून मदत केली आणि तरीही तो दुसरा आला. १७ डिसेंबरला कोवन विजेता ठरला. ९८ पैकी ५६ मोटारी शेवटास पोहोचल्या.

इथे सुवर्णयुगाच्या भक्तांना थोडे थांबवणे भाग आहे. ज्या १९६८ सालाकडे आज इतक्या प्रेमाने पाहिले जाते, त्या सालाने एप्रिलमध्ये जिम क्लार्क, मेमध्ये माइक स्पेन्स, जूनमध्ये लुदोविको स्कार्फियोत्ती आणि जुलैमध्ये जो श्लेसर असे चार नामांकित चालक चार महिन्यांत गिळले. क्लार्क हा कोवनचा लहानपणापासूनचा मित्र. बियांकी नौराच्या अपघातातून बरा झाला आणि मार्च १९६९ मध्ये ले माँच्या सरावात ठार झाला. त्याच्या भावाचा नातू ज्यूल बियांकी २०१४ मध्ये सुझुकाच्या शर्यतीत जखमी होऊन पुढच्या वर्षी दगावला. त्याची शर्यत मात्र आजच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेली आहे. चालकांना आज सुरक्षित ठेवणारे नियम, हेल्मेट, अडथळे आणि वैद्यकीय पथके यांना ‘खेळातला जीव गेला’ म्हणून नाके मुरडणे सोपे आहे. जीव खरोखर कोणाचा जात होता, हे त्या चार महिन्यांच्या यादीत वाचता येते.

दुसरीही एक गोष्ट. त्या शर्यतीच्या इंग्रजी कथनांत दिल्ली ते मुंबई हा प्रवास सहसा उरकून टाकलेला असतो: गर्दी, गाई, उष्मा, आणि मग बंदर. धुळ्याचा माणूस त्यात पार्श्वभूमी म्हणून उभा आहे. त्याने काय पाहिले, त्याला काय वाटले, हे त्याच्या बाजूने लिहिण्याचे काम ज्या शहरात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे तिथल्या अभ्यासकांनी अंगावर घ्यावे, अशी अपेक्षा चुकीची नाही. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पासष्टी ओलांडून गेला आहे. शिरपूर, सोनगीर, धुळे, मालेगाव इथल्या कुठल्याशा घरातील अल्बममध्ये क्रमांक रंगवलेल्या मोटारीचे धूसर छायाचित्र असेल, तर ते अस्सल साधन आहे. मोडी कागदाइतकेच, आणि नष्ट व्हायला त्याहून सोपे.

लंडन–सिडनी शर्यत १९७७ मध्ये पुन्हा झाली. कोवनच जिंकला, या खेपेस मर्सिडीजमधून. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात उतरले आणि युरोपातून मोटारीने मुंबई गाठण्याची ती वाट मिटली. २०११ साली सर्वोच्च दर्जाची मोटारशर्यत भारतात पुन्हा आली ती ग्रेटर नोएडाच्या बंदिस्त ट्रॅकवर, तिकीट काढून पाहण्यासाठी. तीन वर्षांत तीही थांबली. महामार्ग तीन हा क्रमांकही आता धुळ्याला उरलेला नाही, इंदूरकडून येणारा रस्ता बावन्न झाला आहे आणि नाशिककडे जाणारा साठ. शहरातल्या बाजारपेठेच्या रस्त्याला लोक अजून आग्रा रोडच म्हणतात.